मंडूर

सारमानसच्या धक्क्याखालून उपसलेला गाळ
पोत्यांतून आला तेव्हा त्याला वास होता
भिजल्या नाण्यांचा.
चमचाभर उन्हात धरला: जांभळट तांबडा,
मधे काळ्या रेघा, आणि एक तिसरी,
मेलेली, तरी घट्ट मिटलेली.

बाबा बार्जवर होते.
खनिज भरताना कडेवरून जे सांडायचं
त्याला ते नदीचा हप्ता म्हणत.
बावीस वर्षं भरला.
नदीने त्यातलं काही खर्च केलं नाही,
तळाशी थरावर थर ठेवलं,
मधल्या घड्यांत बोटींचा जुना रंग, बॅटऱ्यांचं शिसं,
कुणाकुणाचं काय काय.

भट्टीकडून ट्रकने येते ती मळी.
लोखंड वाहून गेल्यावर मागे उरलेली,
पाण्यात विझताना वाळूसारखी फुटलेली.
दळली की राखाडी पीठ, जिभेला चुनकट
(चाखू नये, मी एकदा चाखलं).
तीही त्याच डोंगराची.
एक भाऊ आगीत गेला, एक पाण्यात.
मी त्यांना एका घमेल्यात घालते,
वर मूठभर चुना, आणि कालवते
मनगट भरून येईतो.

आजोबा च्यारी. त्यांच्या भात्यामागे
कीटाचा ढीग होता, त्यावर कोंबड्या चढत.
साखळीहून वैद्य यायचा, काठीने ढीग उकरायचा,
अगदी खालचा थर मागायचा.
नवं नको रे, शंभर वर्षं मुरलेलं दे.
मग ते तापवून तापवून गोमूत्रात विझवायचं,
फिकुटलेल्या बायांना मधातून द्यायचं.
मंडूर.
आम्ही टाकतो ते हे चाटवतात, आजोबा म्हणत,
आणि पैसे मात्र घेत नसत.

ठोकळे सात दिवस ओल्या गोणपाटात.
मग अठ्ठावीस.
मग फोडायचे, आंबट पाण्यात घालायचे,
अठरा तास घुसळायचे,
जसं काही लोणी येणार आहे.
लोणी येऊ नये, एवढीच इच्छा.

शिसं: मर्यादेच्या आत.
क्रोमियम: आत.
कॅडमियम: आढळलं नाही.
(आढळलं नाही म्हणजे नाही असं नव्हे.
यंत्राची नजर जिथे संपते
त्याच्या पलीकडे ते असेल, बसून.)
मँगनीज: चौदातले दोन ठोकळे गळतात.

इनास शुक्रवारी येतो.
खाजनाच्या मानशीची दारं त्याच्या हाती,
भरतीला लागतात, ओहोटीला सुटतात,
त्याच्या झोपेचे तुकडेही त्याच हिशेबाने.
ठोकळा हातात घेतो, वजन करतो, वाजवतो.
"बाय, हो म्हज्या बांदाक जाय."
गेल्या वर्षी बांध फुटला, खारं पाणी शिरलं,
तीन शेतं अजून पांढरी आहेत.

नाही म्हणाले.
रस्त्याच्या भरावाला चालेल, धक्क्याच्या मागे चालेल,
पण बांध दिवसातून दोनदा भिजतो, दोनदा सुकतो,
आणि आतल्या बाजूला भात आहे.
"तर मागीर केन्ना?"
वैद्याकडे शंभर वर्षं होती.
माझ्याकडे अठ्ठावीस दिवस,
आणि मार्चअखेर अहवाल.

त्याने ठोकळा खाली ठेवला,
फुटू नये अशा बेताने.

संध्याकाळी मीच गेले मानशीवर.
न गळणारे चार आणि गळणारा एक
जुन्या जाळ्यात बांधून दाराच्या बाहेरच्या अंगाला सोडले,
इनासने गाठ मारली, माझी गाठ त्याला पटली नाही.
तारीख दारावर कोळशाने लिहिली.

चाळिसाव्या दिवशी जाळं वर ओढलं.
कडा शाबूत. पाणी बाटलीत भरून घेतलं.
एका ठोकळ्यावर कुर्ली बसली होती,
इवली, नांग्या उगारून,
जागा आपली असल्यासारखी.
कुठला ठोकळा ते ओळखू येईना,
खुणेचा रंग केव्हाच धुऊन गेला होता.

शेरा या रकान्यात
मी लिहिलं: कुर्ली, एक.
पुढे प्रश्नचिन्ह काढलं.
साहेबांनी ते खोडलं नाही.